मात्रा वाढवितांना

फेफऱ्याला आपल्या जुन्या वैद्यकांत ‘अपस्मार’ असें नांव आहे. स्मृतीचा अपगम, हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. रोग्याची स्मृति घटकाभर जाते, परंतु घरांतील माणसांचा धीर जातो तो लवकर परत येत नाहीं. आणि औषधाचा घोटाळा बहुधा तेथेंच होतो.

आमचा पुतण्या 26 वर्षांचा. व्हॅल्प्रोएट घेऊनहि झटके थांबेनात, म्हणून डॉक्टरांनीं लॅमोट्रिजिनची जोड दिली. प्रारंभ 25 मिलिग्रॅमनें, तोहि एक दिवसाआड. 14 दिवसांनंतर रोज 25. पुढील वाढ आणखी 14 दिवसांनीं. तिसऱ्या आठवड्यांत पुन्हां झटका आला. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, एवढ्याशा गोळीनें काय होणार? दुप्पट द्या.” आईच्या तोंडचें हें बोलणें, त्याला तर्कानें उत्तर देणें सोपें नव्हे. मीं डॉक्टरांना फोन केला. त्यांनीं स्पष्ट नकार दिला.

कारण असें कीं, हें औषध निकामी करून बाहेर टाकण्याचें काम मुख्यतः यकृत करतें, आणि व्हॅल्प्रोएट त्या कामांत अडथळा आणतें. त्यामुळें तें रक्तांत दुपटीहून अधिक काळ रेंगाळतें. एकटें लॅमोट्रिजिन घेणाऱ्या प्रौढाचा प्रारंभ रोज 25 नें होतो, तो आमच्याकडे निम्म्यानें झाला तो यासाठीं. उलट कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन सोबत असल्यास तें लवकर निघून जातें व मात्रा अधिक लागते. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून आपली मात्रा ठरविणारे सुशिक्षितहि मीं पाहिले आहेत! आयुर्वेदांत हितकर संवय पाव-पाव अंशानें लावावी असा क्रम सांगितला आहे; वहिनींना तो तात्काळ पटला, यकृत मात्र पटलें नाहीं.

घाईचें खरें भय त्वचेचें. पुरळ उठतें तें बहुधा साधें असतें. परंतु क्वचित् स्टीव्हन्स व जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनीं 1922 सालीं वर्णिलेला विकार जडतो. ताप येतो, तोंडांत व डोळ्यांत व्रण होतात, कातडी सुटते. जीवहि जाऊं शकतो. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत हा धोका विशेष. म्हणून पुरळ दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें. गोळ्या पांचाहून अधिक दिवस चुकल्या, तर जुन्या मात्रेवर एकदम न जातां आधीं विचारावें. बहुधा पुन्हां पहिल्या पायरीपासून चढावें लागतें.

सध्यां सातवा आठवडा चालू आहे. वहिनी रोज सकाळीं मुलाची पाठ व दंड उजेडांत निरखून पाहतात, आणि तो कुरकुरत उभा राहतो.