तुझ्या आईला सांग

लालबागच्या चाळीत आमची खोली दहा बाय बाराची. तेवढ्या जागेत दोन माणसं पंधरा-पंधरा दिवस एकमेकांशी न बोलता राहत. दादा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचा खात्यात होते. चिडले की ते ओरडत नसत, हात उगारत नसत; अबोला धरत. मग मी टपालवाला. ‘तुझ्या आईला सांग, मी जेवून आलोय.’ आई चार हातांवर स्टोव्हपाशी. तिने ऐकलेलं असायचंच, तरी मी निरोप द्यायचो, आणि तिचं उत्तर परत न्यायचो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. दादांना गिरणीने परत घेतलंच नाही. तोवर अबोला आईपुरता होता. आता तो घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला आला.

मी दादांसारखा नाही, याची मला मोठी खात्री होती. घरकामाला हात लावायचो, पगार बायकोच्या हातात द्यायचो. लग्नानंतर तीन महिन्यांत, तिच्या माहेरच्या एका बारशावरून, मी पहिला अबोला धरला. चार दिवस. सगळ्यात लांबलेला एकोणीस दिवसांचा, आणि त्याचं कारण आज मला आठवत नाही. बायकोला आठवतं. महाबळेश्वरची एक अख्खी सहल मी खिडकीबाहेर बघत घालवली. असाच आणखी एक अबोला; मुलगी तेव्हा आठ वर्षांची. डायनिंग टेबलाशी येऊन म्हणाली, ‘पप्पा, आई विचारतेय, डब्याला तीन पोळ्या की चार?’ आई तीन फुटांवर उभी होती. मी मुलीला म्हणालो, ‘तीन सांग.’

त्या क्षणी काही लख्ख उजळलं वगैरे झालं नाही. तीन पोळ्या घेऊन मी ऑफिसला गेलो.

एकेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब १६० वर १०० निघाला. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरी काही ताण?’ मी म्हणालो, ‘छे, आमच्याकडे कुणी भांडतच नाही.’ मीठ कमी केलं, गोळी सुरू केली. झोप तशीही कधी लागत नव्हती.

पुढे वाचनाचं वेड लागलं. अमेरिकेत, सॅन दिएगोमध्ये, विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या दोन डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. १९९८ साली त्यांचा निबंध आला. मार, दारू, घरातली भीती, अशा अनुभवांचे प्रकार मोजायचे. चार किंवा जास्त भरले, त्या गटात पुढे नैराश्य, व्यसनं आणि हृदयविकारही जास्त आढळले. त्यातून पुढे झालेली दहा प्रश्नांची यादी मी रात्री अंथरुणात सोडवली. तीन आले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. माझ्या रक्तदाबाला वाली सापडला होता. हार्वर्डचा १९३८ पासून चाललेला अभ्यास हाती लागला, तेव्हा तर मी खूशच झालो. वडिलांशी ज्यांचं लहानपणी सख्य होतं, त्यांना मोठेपणी काळजी कमी सतावते, सुट्टीची मजाही ते जास्त घेतात, असं त्यात निघालं होतं. म्हणजे महाबळेश्वरही दादांच्याच खात्यावर! त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. पन्नाशीतली नाती किती समाधानाची आहेत, त्यावरून ऐंशीतल्या तब्येतीचा अंदाज कोलेस्टेरॉलपेक्षा चांगला बांधता आला होता. ते पान मी भराभर उलटलं. पन्नाशी माझी यायची होती, आणि तिथे दादांना पकडता येत नव्हतं.

२०१९ च्या मे महिन्यात कागद छापून साताऱ्याकडच्या गावी गेलो. दादा शहात्तर वर्षांचे, ओट्यावर बसलेले. मी एकेक प्रश्न मराठी करून वाचला आणि माझं उत्तर सांगितलं. फिर्याद वाचावी तसं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘माझं बी काढ की. मला किती पडत्यात?’

मी गडबडलो. पण काढले. पोटभर मिळत होतं का, या प्रश्नाला ते हसलेच. त्यांचे वडीलही गिरणीत. दादा सहा वर्षांचे असताना वडील मुंबईला गेले, वर्षातून एकदा यात्रेला यायचे, ते बहुतेक पिऊनच. मागे चुलत्याचा मार. ‘बाप आला की मी आईच्या मागं लपायचा,’ दादा म्हणाले. ‘त्याच्याशी बोलायचं काय, तेच ठावं नव्हतं. मग मुंबईला गेलो तर त्याच्याच खोलीत राहायला.’ पाच झाले. मी माझ्या तीनच्या शेजारी लिहिले. ‘लई की,’ ते म्हणाले, आणि चहा मागितला. आईला. थेट.

पुढच्याच वर्षी खुद्द अँडांनी लिहिलं, की हा आकडा लोकसमूहासाठी आहे, एकेका माणसाचं भविष्य त्यावरून ठरवू नका. मी तर त्या आकड्यावरून खटला चालवून आलो होतो.

अबोला सुटलेला नाही. मागच्या दिवाळीत तीन दिवस झाला. फरक इतकाच, की टपाल बंद आहे. मुलगी आता पुण्यात असते. त्या तीन दिवसांत तिला फोन करून सहज म्हणालो, ‘आईला सांग, मला उशीर होईल.’ ती म्हणाली, ‘पप्पा, तिचा नंबर आहे ना तुमच्याकडे?’ आणि फोन ठेवला.

तो कागद माझ्या कपाटात आहे. समासात तीन आणि पाच. मुलीला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.