बाजूला काढलेली मूठ

दिवाळीत शेजारून फराळाचे ताट आले, की आमच्या घरात एक लहानशी धांदल उडते. ताट रिकामे परत पाठवायचे नाही, हा आमच्या आईने घातलेला दंडक. आणि आमच्याकडे करंज्या-चकल्या होणार त्या नाताळात! मग साखर, नाही तर दोन केळी, नाही तर अंगणातली चार लिंबे त्या ताटात जाऊन बसतात. मागच्या दिवाळीत शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, “अहो, ही तर व्याजासकट परतफेड झाली!” मी बँकेत चौतीस वर्षे काढली आहेत. व्याज हा शब्द कानी पडला की मी सावध होतो.

कारण हा शब्द हल्ली आमच्या उपासनेतही शिरू पाहतो. एकदा एक पाहुणे उपदेशक आले होते. थैली फिरण्याच्या आधी ते म्हणाले, शंभर द्या, देव हजार करून परत देईल. मलाखीच्या पुस्तकात दशांशाबरोबर आशीर्वादाचे आश्वासन आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याचा असा ठेवपावतीसारखा अर्थ ऐकून मला देवाचीच काळजी वाटू लागली. हा दर कोणत्या बँकेला परवडेल? मी त्या दिवशी थैलीत दहाची नोट टाकली, आणि घरी येताना वाटले, आपणही तेच केले, हिशेबच केला. वर्षाकाठी मी संस्थांना देणगी देतो, तिचीही ८०-जीची पावती फडताळात जपून ठेवतो. देणारा आणि पावती ठेवणारा, दोघे एकाच अंगरख्यात राहतात.

मार्काच्या शुभवर्तमानातली गरीब विधवा माझ्या फार ओळखीची. मंदिराच्या भांडारात तिने दोन टोल्या टाकल्या. माझ्या धंद्याच्या खोडीने मी एकदा त्यांचा हिशेब मांडला होता: मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सुमारे चौसष्टावा हिस्सा. त्या मंदिरात कर्ण्याच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या, असे यहुदी ग्रंथांत वर्णन आहे. श्रीमंतांची नाणी त्यांत खणखणत पडत असतील. हिच्या टोल्यांचा आवाज तो किती! येशूने तिच्याकडे शिष्यांचे लक्ष वेधले, एवढेच आपल्याला कळते. तिला पुढे काय मिळाले, ती त्या रात्री जेवली की नाही, याबद्दल एक अक्षरही नाही. त्या उपदेशकांनी गोष्ट लिहिली असती, तर तिच्या दारी सकाळी सोन्याचा हंडा सापडला असता.

देणाऱ्याच्या घरच्यांना काय भोगावे लागते, हेही सांगायला हवे. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पैसा त्यांच्या हाती कधी टिकला नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण खो खो हसतो. पण त्या घरातली चूल कोण पेटती ठेवत होते, हे त्या हसण्याखाली दिसत राहते. हे मला कळते, कारण आमच्या घरची चूलही तशीच होती.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातले (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) आमचे गाव, विहिरी आटलेल्या, आई-वडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मिळणारी सुकडी आई पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणी. घरात धान्य म्हणजे परदेशातून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. तरीही दळण काढताना आई आधी एक मूठ दाणे बाजूला काढी आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकी. वर फडक्याचा तुकडा. ते देवाचे मडके. शनिवारी ते पिशवीत ओतायचे, रविवारी उपासनेला न्यायचे.

मला त्या मडक्याचा संताप येई. आम्ही अर्धपोटी, आणि देव मात्र रोज मूठभर जेवतो! एका आठवड्यात मी तीनदा त्यात हात घातला आणि ते दाणे दुकानात देऊन गोळ्या घेतल्या. मिलोला भाव नव्हता. दोन मुठींना एक गोळी. शनिवारी आईने मडके उपडे केले, मापट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवायला बसलीच नाही, आणि सकाळी पिशवी नेहमीइतकी भरलेली होती. तिने मारले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ती पिशवी माझ्याच हाती दिली आणि देवळामागे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेकडे पाठवले. तिला कोणी नव्हते. डोळ्यांनीही नीट दिसत नसे. देवाचे दाणे जातात कुठे, हे मला तेव्हा कळले. म्हणजे मी गोळ्या खाल्ल्या त्या हिच्या ताटातल्या. पिशवी खाली ठेवून पळावे, असे मनात होते. पण तिने मला बसवून घेतले. पिशवीचे तोंड चाचपत सोडले, एक मूठ भरली, आणि उठून भिंतीच्या कडेने चालत कोपऱ्यातल्या एका गाडग्यात टाकली. त्याच्यावरही फडक्याचा तुकडा होता.

मी धावत घरी आलो. आई परातीत पीठ मळत होती. मी म्हटले, “आई, त्या आजीला आपणच दाणे देतो, अन् ती त्यातलेच काढून ठेवते. ती कशाला काढते?”

आईने वरही पाहिले नाही. “मंग? तिला काय देव न्हाई व्हय?” ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवायला सांगितला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी, कोणी सांगितले नसताना, मी माझ्या वाटणीच्या सुकडीतली चिमूटभर एका कागदात बांधली आणि मडक्यापाशी नेऊन ठेवली. सकाळी तिला मुंग्या लागल्या होत्या. आईने मुंग्या फुंकून काढल्या आणि ती पुडी तशीच पिशवीत टाकली.