मधला कोंब

नर्सरीवाल्या भाऊंनी ‘फॅन पाम’ म्हणून दिलेलं रोप भंडाऱ्याच्या घरी आणलं, तेव्हा त्याला पाच पानं होती. शिंदी मी लहानपणापासून पाहत आलेय. आमच्या शेताच्या धुऱ्यावर ती उभीच आहे. तिचं पान पिसासारखं, मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना पाती. या रोपाचं पान ताडासारखं होतं, तळहातातून बोटं फुटावीत तसं. पण प्रत्येक बोटाचं टोक उभं चिरलेलं आणि खाली लोंबणारं. मला वाटलं, गाडीत आणताना फाटलं. मी कात्री घेतली, लोंबणारी सगळी टोकं छाटली आणि पानं गोल केली. आठवड्याभरात कापलेल्या कडा तपकिरी पडल्या.

मग काय चुकतंय तेच कळेना. कुंडीत शेतातली काळी कन्हार माती भरली होती. रब्बीला सोन्यासारखी ती माती कुंडीत पाणी धरून बसली. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला. कुंडी पश्चिमेच्या ओट्यावर होती, पानं पांढरट पडू लागली. तहान लागली असेल म्हणून मी दोन्ही वेळा पाणी घालू लागले. खालचं पान पिवळं दिसलं की तोडायची. पाचाची दोन पानं उरली, आणि मला रात्री झोप येईना.

शेजारचे काकाजी वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि म्हणाले, “बेटा, मुळं गुदमरली. अन् पानं तोडू नको. याले कोंब एकच असते.”

त्यांनी मधोमध बोट ठेवलं. तिथे मिटलेल्या हातपंख्यासारखी हिरवी सुई उभी होती. आंब्याची फांदी तोडली तर बाजूने दुसरी फुटते. या झाडाचं वाढीचं टोक एवढं एकच, ते गेलं की झाड गेलं. जुनं पान पिवळं पडतं तेव्हा त्यातलं पोटॅश नव्या पानाकडे जात असतं. म्हणजे मी पिवळं पान तोडत होते, तेव्हा कोंबाची शिदोरी तोडत होते.

टोकांचंही तेव्हाच उमगलं. हा लिव्हिस्टोना चायनेन्सिस, दक्षिण जपान, तैवान आणि दक्षिण चीनमधला. टोकं चिरून कारंज्यासारखी लोंबणं हीच त्याची ओळख. कोवळ्या वयात देठांवर काटे असतात, वाढ संथ असते. चीनच्या शिनह्वे भागात याच पानांचे हातपंखे करतात. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी 1810 साली लिव्हिस्टोना या वंशाला लिव्हिंग्स्टनचे जहागीरदार पॅट्रिक मरे यांच्या आठवणीत नाव दिलं. मरे या स्कॉटिश माणसाने दूरदूरची झाडं जमवून बाग केली होती.

आम्ही मुळांना धक्का न लावता जास्तीची माती झाडली. रेती आणि शेणखत मिसळून कुंडी पुन्हा भरली, पूर्वेच्या कडुनिंबाखाली ठेवली. आता वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी घालत नाही.

दसऱ्याच्या आधी सुई उलगडली. नवं पान घडी मोडत रुंदावलं, मग हळूहळू त्याची टोकं चिरली, वाकली, लोंबली. मी रोज सकाळी त्याच्यापाशी जाते, आणि कात्री घरातच ठेवते.