एकदाच वाजणारा ऑडिओ

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांच्या गप्पांत दोन शब्द हटकून येतात : कांजी आणि चोकाई. कांजी अवघड खरी, पण तिच्याशी झगडता येते. वह्या भरता येतात, रोज पाच-दहा चिन्हे घोटता येतात, किती झाली नि किती राहिली हे मोजता येते. चोकाई म्हणजे ऐकून समजून घेणे, आणि तिथे हाताला काहीच लागत नाही. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलगीसुद्धा हा पेपर देऊन बाहेर आली की म्हणते, "सेन्सेई, शब्द सगळे ओळखीचे होते, पण काय चाललंय तेच कळलं नाही."

जेएलपीटी ही जपानीची जगभर घेतली जाणारी परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या एन५ ते एन१ अशा पाच पायऱ्या आहेत. एकूण १८० गुणांपैकी ६० ऐकण्याचे. त्यात १९च्या खाली घसरले की इतर विभागांत कितीही गुण असोत, निकाल नापास. वाचनाच्या उताऱ्यावर पुन्हा नजर टाकता येते. ऑडिओ मात्र एकदाच वाजतो. एन१ला ही कसरत ५५ मिनिटे चालते.

यावर क्लासमधला सल्ला ठरलेला असतो : भरपूर ऐका. ॲनिमे बघा, पॉडकास्ट लावा, बसमध्ये ऐका, जेवताना ऐका. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. असे वर्षभर ऐकूनही कित्येकांचे गुण जागचे हलत नाहीत, कारण चुकतेय ते नेमके कुठे, हे त्यांना कळलेलेच नसते.

ते शोधण्याचा एक चांगला प्रयत्न क्रिस्टीन गोह यांनी सिंगापूरमध्ये केला. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना त्यांनी ऐकण्याची रोजनिशी लिहायला लावली आणि त्यांच्या अडचणी २००० साली प्रसिद्ध केल्या. माहीत असलेला शब्द ऐकताना ओळखू न येणे, ऐकलेले क्षणात विसरणे, एका शब्दाचा अर्थ आठवत बसल्यामुळे पुढचे वाक्य निसटणे. पुण्यातल्या कुठल्याही एन३च्या वर्गात ही यादी वाचून दाखवली, तर मुले म्हणतील, आमच्यावरच लिहिलीय.

आपले मन कसे काम करते आहे यावर आपणच नजर ठेवायची, या क्रियेला मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात मेटाकॉग्निशन हे नाव दिले. कॅनडातल्या लॅरी व्हँडरग्रिफ्ट यांनी ती ऐकण्याच्या वर्गात आणली. ऐकण्याआधी अंदाज बांधायचा, ऐकताना तो तपासायचा, शेजाऱ्याशी ताडून बघायचा, पुन्हा ऐकायचे आणि शेवटी आपण कुठे घसरलो ते नोंदवायचे. फ्रेंच शिकणाऱ्या १०६ विद्यार्थ्यांवर त्यांनी आणि एका सहकाऱ्याने हे करून पाहिले. निष्कर्ष २०१०चे आहेत. एक गट या पद्धतीने ऐकत होता, दुसरा नेहमीसारखा. दोन्ही गटांना शिक्षक तोच होता आणि ऑडिओही तेच होते. या पद्धतीने ऐकणारा गट पुढे गेला आणि त्यातही जे मुळात कच्चे होते, त्यांना फायदा जास्त झाला. हुशार मुले बहुधा हे सगळे न सांगताच करत असतात. सांगावे लागते ते इतरांना, आणि नेमके त्यांनाच कोणी सांगत नाही.

वर्गात हे कसे दिसते? एन३चा वर्ग आहे. सेन्सेई, म्हणजे शिक्षक, प्ले दाबण्याआधी एवढेच सांगतात : ऑफिस आहे, एक पुरुष आणि एक बाई बोलताहेत, बाईंनी आता सर्वांत आधी काय करायचे ते शोधा. मुले अंदाज लिहितात : कॉपी, फोन, मीटिंगची खोली. ऑडिओ सुरू होतो. पुरुष म्हणतो, या कागदांच्या दहा कॉपी काढा. इथेच अर्ध्या वर्गाचे पेन खाली टेकते. 'कोपी' हा शब्द कानाला इतका ओळखीचा वाटतो, की उत्तर सापडलेच! पण वाक्य संपताच तो म्हणतो, "आ, सोनो माए नि", म्हणजे त्याच्या आधी, दुसऱ्या पानावरचा तक्ता चुकलाय तो दुरुस्त करा. बाई विचारतात, साहेबांना फोन करू का? तो मी करतो, पुरुष सांगतो. उत्तर तक्ता आहे.

सेन्सेई उत्तर सांगत नाहीत. दोघा-दोघांना बोलायला लावतात. कॉपी लिहिणारा आणि तक्ता लिहिणारी समोरासमोर येतात आणि दुसऱ्यांदा ऐकताना दोघांचेही कान एकाच जागेवर असतात. तिसऱ्यांदा ऐकताना छापील संहिता हातात येते आणि मग मुलगा वहीत एक ओळ लिहितो : 'ओळखीचा शब्द आला की माझे ऐकणे बंद पडते.' ही ओळ दहा नव्या शब्दांपेक्षा मोलाची. पुढच्या वेळी 'सोनो माए नि', 'यप्पारि' असे वळणाचे शब्द आले की तो सावध होतो.

आपल्या कानाची खोड माहीत असणे हाही याच कौशल्याचा भाग. मराठी कान जोडाक्षर बरोबर पकडतो, त्यामुळे योक्का म्हणजे चार तारीख, इथे फारशी अडचण नाही. पण आठ तारखेचा योओका ऐकताना लांबवलेला ओ हातचा जातो. लिहिताना आपण ऱ्हस्वदीर्घावरून गुण कापतो, बोलताना मात्र 'दिन' आणि 'दीन' सारखेच म्हणतो. जपानीत त्याच फरकाने बिरु म्हणजे इमारत आणि बीरु म्हणजे बिअर होते. ज्याला हे ठाऊक आहे, तो तारखा नि वेळा आल्या की कान टवकारतो.

दुसरी खोड आपण इंग्रजीकडून उचललेली : मनात भाषांतर करत ऐकण्याची. व्हँडरग्रिफ्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ऐकण्याच्या सवयी तपासणारी २१ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात मनातल्या मनात भाषांतर करण्याचा वेगळा विभाग आहे आणि ती सवय सुटावी अशीच अपेक्षा आहे. आपल्याकडे 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजी टिपा वाचून शिकलेला विद्यार्थी ऐकतानाही इंग्रजीत जातो. 'किनो कात्ता होन वा मादा योन्दे इमासेन' हे वाक्य घ्या. 'काल घेतलेलं पुस्तक अजून वाचलेलं नाही', शब्दाला शब्द त्याच क्रमाने, नकार दोन्हीकडे शेवटी. इंग्रजीत न्यायचे तर सगळा क्रम उलटासुलटा करावा लागतो, तोवर ऑडिओ पुढे गेलेला असतो. भाषांतराची सवय सुटायची तेव्हा सुटेल. तोपर्यंत निदान घरच्या वाटेने जावे.

क्लृप्त्या आणि ही पद्धत यांत गल्लत होते, ती टाळायला हवी. 'जो पर्याय ऑडिओत जास्त ऐकू येतो तो चूक' असले तोडगे क्लासमध्ये फिरत असतात. एखाद-दुसरा गुण मिळेलही, पण ओसाकाच्या ग्राहकाशी फोनवर बोलताना पर्याय कोण छापून देणार? नियोजन म्हणजे वेगळे : परीक्षेतल्या गाइयो रिकाइ, म्हणजे एकूण आशय समजून घेण्याच्या प्रकारात प्रश्न आधी सांगत नाहीत, तेव्हा तिथे बारीकसारीक तपशील टिपत न बसता बोलणाऱ्याचा एकूण रोख धरायचा, हे ऑडिओ सुरू होण्याआधी ठरवणे. आणि या पद्धतीलाही मर्यादा आहेच. ज्या संभाषणातले निम्मे शब्द कधी पाहिलेलेच नाहीत, तिथे कितीही अंदाज बांधले तरी ती ठोकताळेबाजीच. शब्दसंग्रहाला पर्याय नाही.

येत्या परीक्षेला बसणाऱ्यांनी आणखी एक पुस्तक विकत घेण्याची घाई करू नये. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न, त्यांचे ऑडिओ आणि संहिता मोफत आहेत. रोज एकच संभाषण घ्या, आधी अंदाज लिहा, दोनदा ऐका, आणि तोवर संहितेची फाइल उघडू नका.