कोर्ट नाक्याच्या फेऱ्या

पेणकरपाड्याहून ठाण्याच्या कोर्टात जायचे म्हणजे फजरनंतर पुन्हा झोपायचे नाही, असा आमच्या घरी नियमच झाला होता. चेकनाक्यावर बस धरायची. काशिमिरा, फाउंटन, मग गायमुखचा घाट. घाटात एखादा ट्रक बंद पडला की संपलेच. अब्बांच्या इंतिकालानंतर कळले की त्यांच्या ठेवींवर नॉमिनीचे नावच नाही. त्यासाठी वारसा प्रमाणपत्राचा अर्ज केला होता. अर्जदार चौघे: अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि भिवंडीला दिलेली आपा.

नंबर लागेपर्यंत वेळच वेळ. पैकी बराच वेळ आम्ही कोर्ट नाक्याच्या आसपास फिरण्यात घालवला. जवळच ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी तो 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांकडे आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. 1833 पासून तिथे तुरुंग आहे. मुंबईच्या हायकोर्टाची ऐट वेगळीच. कर्नल फुलर यांच्या आराखड्यावर 1871 ते 1878 या काळात ती गॉथिक इमारत उभी राहिली. वर दोन पुतळे आहेत, एक इन्साफचा आणि एक रहमचा. याच कोर्टात बद्रुद्दीन तय्यबजी 1895 मध्ये न्यायाधीश झाले, आणि 1897 मध्ये टिळकांना जामीन त्यांनीच दिला. मुलांना हे शिकवताना आमचा आवाज जरा चढतो, हे कबूल. ठाण्यात मात्र आम्हाला पुतळे नाही, व्हरांड्यातली भरलेली बाकं आठवतात.

1864 पर्यंत इंग्रजांच्या कोर्टांत शरियतचा मसला सांगायला काझी आणि मुफ्ती असत. मग ती पदे रद्द झाली. त्याआधीच, 1847 मध्ये, मुंबईच्या कोर्टाने खोजा आणि मेमन मुलींना वाटा नाकारला होता, कारण जमातीचा रिवाज तसा होता. कुरआन एक सांगत होता, रिवाज दुसरे, आणि जज्जसाहेबांनी रिवाज उचलला! 1937 चा शरियत कायदा आला तो अशाच रिवाजांना बाजूला सारण्यासाठी.

हे सगळे वाचलेले असूनही आम्ही काय केले, तर आपाकडून हक्क सोडत असल्याचा कागद लिहून घेतला. तिनेच म्हटले होते, "भाईजान, मला काय करायचंय?" आम्ही ते लगेच मानले. सूरह निसाप्रमाणे हिशोब सरळ होता. 40 हिश्श्यांपैकी अम्मीचे 5, आम्हा भावांचे 14-14 आणि आपाचे 7.

आपाची साक्ष झाली त्या दिवशी न्यायाधीश बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "हे तुम्ही स्वतःहून लिहून दिलंत?" आपा गप्प. पंखा फिरत होता. बाईंनी तोच प्रश्न हिंदीत विचारला. आपाने आमच्याकडे पाहिले, मग खाली पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच आमची मान खाली गेली. वकिलांना आम्हीच सांगितले, कागद परत घ्या. अम्मी बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "तुझ्या अब्बांनी विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?" परतताना बसमध्ये कुणी बोलले नाही.

पुढे पैसे मिळाले. आपाने 7 हिश्श्यांतून धाकटीच्या नर्सिंगची फी भरली.

मार्च 2025 मध्ये मीरा-भाईंदरचे स्वतःचे कोर्ट हाटकेशला सुरू झाले. उद्घाटन न्यायमूर्ती अभय ओक यांच्या हस्ते झाले. किती घरांची घाटातली धावपळ त्यामुळे वाचेल! ईदनंतर आपा आली होती, तेव्हा रिक्षा मुद्दाम तिकडून नेली. ती फाटकापाशी उतरली, इमारतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "आत बसायला बाकं पुरेशी आहेत का?"