गरुड की ससाणा?

बाकदार, उंच नाकाला इंग्रजीत 'ॲक्विलाइन' म्हणतात. लॅटिनमध्ये गरुड म्हणजे 'अक्विला'. त्यावरून 'अक्विलिनुस', म्हणजे गरुडासारखा. सतराव्या शतकात हे विशेषण इंग्रजीत आलं आणि नाकालाच चिकटून बसलं. रोमन फौजा काठीवर गरुडाची प्रतिमा मिरवत लढायला निघत. तिलाही अक्विलाच म्हणत. अशा नाकाचं दुसरं इंग्रजी नाव 'रोमन नाक'. म्हणजे उपमा चोचीची, पण तिला रुबाब साम्राज्याचा.

१८४८ मध्ये जॉर्ज जॅबेट या इंग्रजाने एडन वॉरविक या टोपणनावाने नाकांचं वर्गीकरण करणारं पुस्तक लिहिलं. त्यात एक वर्ग रोमन किंवा ॲक्विलाइन नाकाचा आणि एक ज्यू किंवा ससाणा-नाकाचा. दोन्ही नाकं बाकदारच. पण पहिल्याच्या वाट्याला निर्धार आणि तडफ आली, दुसऱ्याच्या वाट्याला पैशाअडक्यातली हुशारी. पक्षी कोणता, हे नाकावरून नव्हे, माणसाच्या जमातीवरून ठरलं.

पुढे न्यूयॉर्कचे डॉ. मॉरिस फिशबर्ग यांनी दोन हजारांहून अधिक ज्यू पुरुषांची नाकं तपासली. १९११ च्या त्यांच्या पुस्तकात बाकदार नाकं शंभरात जेमतेम चौदा निघाली. निम्म्याहून अधिक सरळच होती. तरीही १९३८ मध्ये नाझी जर्मनीतल्या मुलांच्या पुस्तकात नाकावरून ज्यू कसा ओळखावा, याचे धडे छापले गेले. त्यानंतर काय झालं, ते जगाला ठाऊक आहे.

आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले नाकाच्या मापावरून जातींची उतरंड मांडत होते.

"तुम्ही मुसलमान वाटत नाही," हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी एसटीत, कचेरीत ऐकलं आहे. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. त्याच्या मनात मुसलमानाचा एक चेहरा आधीच रेखाटलेला असतो. पण रिश्ता पाहायला गेलेल्या आपल्या बायकाही म्हणतातच ना, "नाक देखो कैसी उकाबी है, खानदानी लगती"? उकाब म्हणजे गरुडच. सय्यद, पठाण म्हणजे उंच नाक. पिंजारी, बागवान, अत्तार म्हणजे बसकं, हे आपल्याला कोणी शिकवलं?

नाकावरून खानदान मोजणं आपण आधी आपल्या घरात बंद करू या. मग 'वाटत नाही' म्हणणाऱ्याला थांबवून विचारता येईल, "मुसलमान कसा वाटतो, भाऊ?"