घाट, रिंगण आणि अभ्यासाची तिसरी अट

यवतेश्वराच्या घाटात पाऊल आखूड पडले पाहिजे, खांदे सैल राहिले पाहिजेत आणि दृष्टी वळणाच्या माथ्याकडे न धावता पुढच्या चार-पाच हातांवर स्थिर असली पाहिजे. कारण चढणीवर वेगाचा हट्ट धरणारा आपल्या श्वासाची सारी शिल्लक पहिल्या टप्प्यातच खर्चून बसतो, आणि श्वासाची लय सांभाळून वेग खुशाल कमी होऊ देणारा कासच्या रस्त्याला लागतो तेव्हाही ताजा असतो. साताऱ्याची हिल मॅरेथॉन 2012 पासून याच घाटाने चढते व उतरते. सुमारे 21 किलोमीटरांच्या त्या अंतरात धाक सर्वांना चढणीचा वाटतो, परंतु खरी कसोटी उतरणीची. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना पावलागणिक देहाचा भार आवरून धरावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी माडीचा जिना उतरताना जी वेदना होते ती या आवरण्याची असते.

माझे माहेर सांगलीचे. कृष्णा-वारणेच्या संगमाकडे, हरिपुरास जाणाऱ्या सपाट रस्त्यावर मी धावावयास शिकले. सपाटीवर देहाला कष्ट कमी, मनाला अधिक.

लग्न होऊन साताऱ्यास आल्यावर धावण्याचा हा नियम चालू राहील की नाही याची मला शंका होती. मामंजींचे संस्कृतचे अध्ययन वाईस, प्राज्ञपाठशाळेमुळे ज्या गावी शास्त्रचर्चेचा वारसा आहे त्या गावी, झालेले. त्यांनी एकदा मला पतंजलींचा विचार समजावून सांगितला: अभ्यास दृढ व्हावयाचा तर तो दीर्घकाळ चालला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये, आणि तो आदरपूर्वक, सत्काराने केला पाहिजे. मग म्हणाले, ‘‘सूनबाई, पहिल्या दोन अटी तुझ्या हाती, तिसरीची तजवीज घराने करावयाची.’’ पतंजलींना अभिप्रेत असलेला आदर साधकाचा स्वतःचा आहे, हे त्यांना का ठाऊक नव्हते? तरीही त्यांचे भाष्य मला मोलाचे वाटते, कारण ज्या कर्माला घरची माणसे रिकामपणाचा उद्योग समजतात त्याविषयीचा आपला आदरही कालांतराने सुकून जातो. मामंजी पहाटे स्वतः उठून दिंडी दरवाजाचा अडसर काढीत, आणि आळीतल्या कोणी चौकशी केलीच तर एखाद्या व्रताविषयी सांगावे तशा गांभीर्याने ‘‘सूनबाई घाटात गेली आहे’’ असे उत्तर देत. त्या एका वाक्याने आळीतील कुजबुज थांबली.

धावण्याचा असा सत्कार आपल्या मुलखात नवा नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदहून तरडगावास जाताना चांदोबाच्या लिंबापाशी वाटेतले पहिले उभे रिंगण होते. पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा याच जिल्ह्यातील आरफळचे; त्यांना साह्य करणाऱ्या शितोळे सरकारांच्या अंकलीहून अश्व येतात, तेही मिरज-सांगलीच्या मुलखातून आळंदीस जातात. दुतर्फा दिंड्या उभ्या राहतात, मधली वाट मोकळी होते, आणि ज्याच्या पाठीवर कोणी बसत नाही तो माउलींचा अश्व स्वाराच्या अश्वासह त्या वाटेने दौडत जातो. दौड क्षणांत संपते. मात्र टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी शेकडो माणसे वाकतात. तेथे उभी असताना माझ्या मनात आले की धावणे हे एकट्याचे कर्म आहे हा आपला समज अपुरा आहे. अश्व धावतो खरा, पण वाट धरून ठेवणारे उभे असतात, आणि त्यांच्यावाचून ते रिंगण होत नाही.

माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली तेव्हा आमच्या जिल्ह्यातील किती घरांनी आपल्या मुलींसाठी दार थोडे अधिक उघडले असेल याचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. परंतु त्यानंतर घाटात भेटणाऱ्या मुलींकडे पाहून मला तो मिळाल्यासारखा वाटतो. त्यांच्यापैकी कोणी धावणे शिकव म्हणून आली की मी श्वासाचे आणि पावलाचे नंतर सांगते. प्रथम तिला म्हणते, येत्या रविवारी आईला किंवा सासूबाईंना बरोबर आण. त्यांनी धावावे असे नाही, यवतेश्वरापर्यंत गाडीने यावे, आणि तू चढून येताना तुला पाहावे.